पुण्यात गाडी न काढता कसे फिरावे

गाडी सोडायची ठरवली की लोक एक तर सायकल घेऊन थेट कात्रजहून हिंजवडीला जाऊ बघतात, नाहीतर घराच्या कोपऱ्यापासून कचेरीच्या दारापर्यंत जाणारी एकच बस शोधत बसतात. दोन्ही बेत आठवडाभरात बारगळतात आणि गाडी पुन्हा बाहेर येते. सायकलींचे शहर म्हणून एकेकाळी ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात २०१८ साली नोंदणीकृत वाहनांचा आकडा लोकसंख्येच्याही पुढे गेला. रस्त्याची रुंदी, सिग्नलची वेळ, फुटपाथची उंची, सगळे गाडी डोळ्यांसमोर ठेवून झालेले आहे. इथे कुठलेही एकच साधन पुरे पडत नाही. प्रवासाचे तुकडे करून जोडायचे असतात: मोठा पल्ला मेट्रोने किंवा मोठ्या रस्त्यावरच्या बसने, दोन्ही टोके पायी किंवा सायकलने. ती जोडणी कशी करायची, ते इथे सांगितले आहे.

आधी नकाशा, मग बस

घर आणि कचेरी, दोन्हींपासून जवळचे मेट्रो स्थानक आणि जवळचा मोठा रस्ता शोधा. मोठा रस्ता म्हणजे सातारा रस्ता, सोलापूर रस्ता, नगर रस्ता, कर्वे रस्ता, पौड रस्ता, जुना मुंबई-पुणे रस्ता असा. तिथे एक बस गेली तर पाठोपाठ दुसरी येते. अंतर एक किलोमीटरच्या आत असेल तर चाला. चौक ओलांडण्याचा वेळ धरून त्याला पंधरा मिनिटे लागतात. एक ते चार किलोमीटर असेल तर सायकल. शहरातल्या गर्दीत ताशी १२ ते १५ किलोमीटर वेग धरावा, म्हणजे चार किलोमीटरला वीस मिनिटांच्या आत-बाहेर. त्याहून लांब असेल तर आधी बस किंवा शेअर रिक्षा.

मेट्रोच्या दोन मार्गिका पाठ झाल्या की निम्मे काम होते. जांभळी मार्गिका पिंपरी-चिंचवड महापालिकेपासून नाशिक फाटा, दापोडी, खडकी, शिवाजीनगर, कसबा पेठ, मंडई करत स्वारगेटला जाते. निळसर मार्गिका, जिला अॅक्वा म्हणतात, वनाजहून नळ स्टॉप, डेक्कन, महापालिका, पुणे स्टेशन, येरवडा, कल्याणीनगर करत रामवाडीला पोचते. दोन्ही मिळतात सिव्हिल कोर्टला, जिथे फलकावर जिल्हा न्यायालय असे नाव दिसते. जांभळी मार्गिका तिथे जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे आणि अॅक्वा डोक्यावरच्या पुलावर. म्हणून गाडी बदलायला सरकत्या जिन्यांचे एकामागून एक टप्पे चढावे लागतात. या बदलासाठी सात मिनिटे धरा, गुडघे दुखत असतील तर लिफ्टच्या रांगेसह दहा.

एक उदाहरण घेऊ. कोथरूडला कर्वे पुतळ्याजवळ घर आणि कल्याणीनगरला कचेरी. पुतळ्यापासून नळ स्टॉपपर्यंत कर्वे रस्त्याने सायकलवर दहा मिनिटे, कुलूप लावून फलाटावर जायला पाच, पुढे गाडी न बदलता थेट कल्याणीनगर. कात्रजहून पिंपरीला जायचे असेल तर स्वारगेटपर्यंत सातारा रस्त्यावरची मिळेल ती बस आणि तिथून जांभळी मार्गिका शेवटपर्यंत. हिंजवडीच्या आयटी पार्कसाठी मनपा भवनापासून १०० क्रमांकाची बस आहे, आणि मनपाला अॅक्वा मार्गिकेने येता येते.

लोणावळ्याची लोकल विसरू नका. शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव या पट्ट्यात राहणाऱ्यांना तिच्यासारखे स्वस्त काही नाही. शिवाजीनगरला रेल्वे आणि मेट्रो शेजारीशेजारी आहेत. मात्र दुपारच्या वेळी लोकलच्या दोन फेऱ्यांत फार मोठे अंतर पडते, तेव्हा अर्ध्या दिवसाच्या पाळीवाल्यांनी परतीची वेळ आधीच बघून ठेवावी.

पहिला सराव कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेलाच करा. रविवारी सकाळी वीस मिनिटांत पोचणारी बस मंगळवारी साडेनऊला तेवढ्या वेळात पोचत नाही. फक्त सायकलचा रस्ता तेवढा रविवारी भल्या पहाटे बघून यावा, म्हणजे खड्डे, चेंबर आणि चढ निवांत दिसतात.

परतीचा थांबा समोर नसतो

नवख्या माणसाचा सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो. शहराच्या मध्यभागात मोठे रस्ते जोडीजोडीने एकेरी आहेत. स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे येणारी वाहतूक बाजीराव रस्त्याने येते आणि स्वारगेटकडे जाणारी शिवाजी रस्त्याने. सकाळी मंडईजवळ शिवाजी रस्त्यावर उतरलात आणि संध्याकाळी त्याच थांब्याच्या समोर उभे राहिलात, तर तुमची बस तिथे कधीच येणार नाही. मंडईच्या मागच्या गल्लीतून पश्चिमेला पाच-सात मिनिटे चालत बाजीराव रस्त्यावर जावे लागते.

डेक्कन-शिवाजीनगर भागातही तेच. जंगली महाराज रस्ता संचेतीकडून डेक्कनकडे वाहतो, फर्ग्युसन रस्ता डेक्कनकडून कृषी महाविद्यालयाकडे. लक्ष्मी रस्ताही एकेरी: कॅम्पाच्या बाजूने अलका चौकाकडे. म्हणून मार्ग ठरवताना जाण्याचा आणि येण्याचा असे दोन वेगळे मार्ग लिहून ठेवा आणि प्रत्येकात उतरण्याच्या थांब्याचे नेमके नाव लिहा. नुसते ‘मंडईजवळ’ किंवा ‘डेक्कनला’ असे लिहून भागत नाही. डेक्कन म्हटले तर जिमखान्याचा थांबा, खंडोजीबाबा चौक आणि गुडलक चौक या तीन वेगळ्या जागा निघतात.

सायकलवाल्यालाही एकेरी रस्ता लागू आहे. उलट दिशेने दोनशे मीटर वाचवण्याचा मोह मोठा असतो, पण गल्लीतून वळून येणारा दुचाकीस्वार फक्त येणाऱ्या बाजूला बघून वळतो. समोरून आलेली सायकल त्याला दिसतच नाही. तेवढ्या अंतरासाठी उतरून फुटपाथवरून सायकल हातात धरून चालावे.

पीएमपीचे तिकीट, पास आणि त्यातला हिशेब

पीएमपी म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडची शहर बससेवा. १ जून २०२५ पासूनच्या दरांनुसार पहिल्या पाच किलोमीटरला १० रुपये, दहापर्यंत २०, पंधरापर्यंत ३० असे टप्पे आहेत. दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला दिवसाचा पास ७० रुपयांचा, महिन्याचा १५०० रुपयांचा. मेट्रोचे भाडे १० ते ३५ रुपये. शनिवार-रविवारी आणि विद्यार्थ्यांच्या कार्डावर ३० टक्के सूट मिळते.

आता हिशेब. महिन्यात पंचवीस दिवस प्रवास धरला तर मासिक पास दिवसाला ६० रुपयांना पडतो. तुमची एका बाजूची एकच बस २० रुपयांची असेल तर पास घेऊ नका, सुटे तिकीट स्वस्त पडेल. पण दोन बस बदलाव्या लागत असतील तर चित्र पालटते. बस बदलली की नवे तिकीट, आणि त्याचा पहिला टप्पा पुन्हा १० रुपयांचा. ते टाळायला माणूस थेट बसची वाट बघत अर्धा तास उभा राहतो, डोळ्यांसमोरून त्याच दिशेच्या चार बस निघून जातात. पास खिशात असला की पुढच्या मोठ्या चौकापर्यंत जाणारी पहिली बस पकडायची, तिथून दुसरी. पासाचा खरा फायदा पैशांपेक्षा या वाचलेल्या वेळात आहे, आणि तो कुठल्याच फलकावर लिहिलेला नसतो.

कंडक्टरकडे क्यूआर कोड असतो, तरी दहा-दहाच्या चार नोटा जवळ ठेवाव्यात. गर्दीत पुलाखाली नेट गेले की पैसे अडकतात आणि दोघांचाही खोळंबा होतो. बस कुठे आहे हे पीएमपीच्या अधिकृत अॅपवर बघता येते. अॅपमध्ये बस दिसत नसेल तर ती येणारच नाही असे धरून चालू नका, आणि दिसली तरी थांब्यावर तीन मिनिटे आधी पोचा. महिलांसाठी तेजस्विनी बस आहेत, त्यांत दर महिन्याच्या ८ तारखेला तिकीट लागत नाही. रात्री उशिरा कात्रज, हडपसर, निगडी आणि पुणे स्टेशनकडे रातराणी बस असतात. त्यांच्या फेऱ्या मोजक्या असल्याने वेळ आधी बघूनच निघावे.

बीआरटीच्या, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका राखलेल्या, रस्त्यांवर एक काळजी घ्यावी लागते. स्थानक रस्त्याच्या मधोमध असते आणि बसचे दार उजव्या बाजूला उघडते. बस समोर दिसली म्हणून दुभाजक ओलांडून धावणारा माणूस एका बाजूने गाड्यांच्या आणि दुसऱ्या बाजूने मार्गिकेत वेगाने येणाऱ्या बसच्या तावडीत सापडतो. सिग्नलच्या झेब्रा पट्ट्यांवरूनच स्थानकात जा. ती बस गेली तर जाऊ द्या.

सायकल कशी असावी

या शहराला रुंद टायरची, सरळ हँडलची, मडगार्ड आणि कॅरिअर असलेली साधी सायकल लागते. टायर किमान ३५ मिलिमीटर रुंद घ्या. त्याहून बारीक टायर खड्ड्यात आणि चेंबरच्या कडेवर टिकत नाही. पेठांत आणि कॅम्पात बिनगिअरची चालते. कात्रज, बावधन, चांदणी चौक, पाषाण या बाजूला राहणाऱ्यांनी गिअरची घ्यावी, तिथले चढ लांब आहेत.

व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड घ्या. त्यात कुठल्याही पंक्चरवाल्याकडे आणि पेट्रोल पंपावर हवा भरता येते. महागड्या सायकलींचा बारीक व्हॉल्व्ह असेल तर पितळेचा छोटा अडॅप्टर किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून ठेवा. पंपावरच्या यंत्राने हवा भरताना नळी एक-दोन सेकंदच लावायची आणि टायर दाबून बघायचे. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा कमी मावते, त्यामुळे दाब भराभर वाढून ट्यूब फुटते. किती हवा भरायची तो आकडा टायरच्या कडेला छापलेला असतो. शहरात साधारण त्याच्या पंचाहत्तर ते नव्वद टक्के दाब ठेवावा.

कमी हवेचे नुकसान काय होते ते एकदा नीट समजून घ्या. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळले की टायर रिमपर्यंत चेपतो आणि ट्यूब दोन्हींच्या मध्ये चिमटली जाते. ट्यूब काढून बघितली तर शेजारीशेजारी दोन बारीक चिरा दिसतात, जणू दोन दात लागले आहेत. अशी जोडचीर दिसली तर काटा शोधण्यात वेळ घालवू नका, दोष हवेचा आहे. एकच छिद्र असेल तर मात्र टायरच्या आतून कापड फिरवा. कापड अडकते तिथे काच, खिळा किंवा बाभळीचा काटा असतो; तो काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर शंभर मीटरवर पुन्हा पंक्चर. बोट फिरवू नका, कापते.

सोबत एवढे असू द्या: एक जास्तीची ट्यूब, टायर काढायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर, छोटा पंप, चाकाचे नट असतील तर १५ मिलिमीटरचा पाना. रस्त्यात पंक्चर चिकटवत बसण्यापेक्षा ट्यूब बदलणे सोपे. घरी चिकटवताना ट्यूब पॉलिश पेपरने घासा, सोल्युशन पातळ लावा आणि बोटाला चिकटेनासे होईपर्यंत, म्हणजे पाचेक मिनिटे, थांबा. ओल्यावरच पॅच लावला की दुसऱ्या दिवशी सुटतो.

दिवे दोन हवेत: पुढे पांढरा, मागे लाल. संध्याकाळी सहानंतर आणि पावसात दिवसाही ते लावा. स्थानकाबाहेर सायकल ठेवताना यू-लॉक फ्रेममधून आणि मागच्या चाकातून घेऊन लोखंडी खांबाला किंवा सायकल स्टँडला लावा. पुढचे चाक खटक्याने निघणारे असेल तर वेगळी तार लावा. अंधांसाठीच्या पिवळ्या खडबडीत फरश्यांवर सायकल कधीही उभी करू नका. काठी टेकत येणारा माणूस थेट तिच्यावर आदळतो. मेट्रोत सायकल नेता येते. लिफ्टने वर जा, गर्दीची वेळ टाळा आणि डब्यात दारापासून दूर उभे राहा. रोज न्यायची असेल तर घडीची सायकल घ्या.

रस्त्यावर कुठे चालवायची

अगदी कडेला चालवू नका. कडेलाच काच, वाळू, चेंबर आणि रिक्षा थांबण्याची जागा असते. डाव्या कडेपासून एक मीटर आत राहा, आणि उभ्या गाड्यांच्या रांगेपासूनही एक मीटर अंतर ठेवा, म्हणजे अचानक उघडलेले दार लागणार नाही.

पुण्यातल्या रस्त्यांचा खास धोका म्हणजे खोदाईचे चर. केबल किंवा पाइप टाकून बुजवलेला चर रस्त्याला समांतर जातो आणि पावसानंतर इंच-दोन इंच खचतो. काँक्रीटच्या रस्त्याच्या कडेला पेव्हिंग ब्लॉक लावलेले असतात, तिथेही सांध्यात तशीच पायरी तयार होते. चाक तिरपे-तिरपे त्या पायरीवर चढवायला गेलात तर पुढचे चाक घसरत कडेने धावते आणि सायकल पायांखालून निघून जाते. वेग कमी करा, मागे बघा, हँडल वळवून शक्य तितक्या काटकोनात पायरी ओलांडा. लांबट जाळीचे चेंबर आणि रेल्वे फाटकातले रूळही असेच ओलांडायचे.

बसच्या डावीकडून कधी पुढे जाऊ नका. थांबा आला की बस डावीकडे येते आणि चालकाला तिथली सायकल दिसत नाही. थांबलेल्या बसच्या मागे थांबा, किंवा उजवीकडे पुरेशी जागा असेल तरच पुढे व्हा. रिक्षाच्या मागे दोन सायकलींएवढे अंतर ठेवावे. हात दाखवणारा प्रवासी दिसला की ती जागच्या जागी थांबते.

मोठ्या चौकात उजवीकडे वळायचे असेल तर मध्ये घुसू नका. डाव्या बाजूने सरळ चौक ओलांडा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबा, सायकल उजव्या रस्त्याकडे तोंड करून वळवा आणि त्या बाजूचा सिग्नल हिरवा झाला की सरळ निघा. एक सिग्नल जास्त लागतो, नव्वदेक सेकंद. स्वारगेटच्या जेधे चौकात किंवा विद्यापीठ चौकात याला दुसरा सुरक्षित पर्याय नाही. उड्डाणपुलावर सायकल घालू नका, खालून जा. पिंपरी-चिंचवडमधून जाणाऱ्या जुन्या महामार्गावर मधल्या वेगवान मार्गिका सोडून सेवा रस्त्याने जायचे. कात्रज-देहूरोड बाह्यवळण तर सायकलसाठी टाळाच.

घामाची तक्रार सगळेच करतात. पाठपिशवी पाठीवरून काढून कॅरिअरवर बांधली की निम्मा घाम कमी होतो. उन्हाळ्यात नऊच्या आत निघा, शेवटचा अर्धा किलोमीटर हळू चालवा आणि कचेरीत एक पंचा आणि एक सदरा ठेवून द्या.

पायी

जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथ आहे. तसा सगळीकडे असता तर हा भाग लिहावाच लागला नसता. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्ता गाड्यांविना मोकळा चालता येतो. घरातल्या मुलांना तो दिवस जरूर दाखवावा. उरलेले ३६४ दिवस पुढच्या गोष्टी लागतात.

एकेरी रस्ता ओलांडतानाही दोन्हीकडे बघा, उलट दिशेने दुचाकी येतेच. डावीकडचे वळण बहुतेक चौकांत लाल दिव्यालाही चालूच असते, म्हणून पादचाऱ्याचा दिवा हिरवा झाला तरी पहिली नजर वळणाऱ्या गाड्यांवर हवी. एकट्याने ओलांडण्यापेक्षा तीन-चार जण जमले की त्यांच्याबरोबर निघा, आणि रस्त्याच्या मध्ये पळू नका, एकसारख्या चालीने जा. तुम्ही पुढच्या क्षणी कुठे असाल याचा अंदाज चालकाला त्यामुळे येतो. जिथे फुटपाथच नाही तिथे उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असे चाला.

पेठांत मात्र चालण्याइतके जलद काही नाही. मंडई स्थानकातून तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता पाच-सात मिनिटांवर आहे. गाडी लावायला जागा शोधण्यातच त्याच्या तिप्पट वेळ जातो.

पावसाळा

खडकवासल्यातून मुठेत पाण्याचा विसर्ग वाढवला की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली जातो. धरणक्षेत्रात जोराचा पाऊस असेल तर सकाळी निघण्यापूर्वी विसर्गाचा क्युसेकमधला आकडा बातम्यांत बघा, आणि नदी ओलांडायला लकडी पूल किंवा महापालिकेजवळचा शिवाजी पूल धरून मार्ग आखा. पाण्याने भरलेल्या रस्त्यात सायकल घालू नका. झाकण निघालेले चेंबर वरून दिसत नाही.

ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत रबर फक्त पाणी पुसते, पकड त्यानंतर येते. उतारावर आधीपासून ब्रेक हलके टेकवून ठेवा आणि नेहमीच्या दुप्पट अंतरावर थांबायला सुरुवात करा. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे आणि मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांवर ना वळायचे ना ब्रेक दाबायचा. चिखल आणि वाळूने ब्रेकचे रबर झपाट्याने झिजते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी त्यावरच्या खाचा बघा आणि खाच बुजली की त्याच दिवशी नवे बसवा. दोन-चार दिवसांत एकदा चेन जुन्या कापडाने पुसा, प्रत्येक कडीवर ऑइलचा एकेक थेंब सोडा, पेडल उलटे दहा फेरे फिरवा आणि वरचे ऑइल पुन्हा पुसून काढा. बाहेर राहिलेल्या ऑइलला वाळू चिकटते आणि चेन आतून घासली जाते.